मातीची चूल : देखभाल, दुरुस्ती आणि निर्धूरतेचा प्रश्न

सारांश

ग्रामीण महाराष्ट्रात स्वयंपाकाच्या गॅसचा प्रसार झाल्यानंतरही लाकडावर पेटणारी मातीची चूल घराघरांतून टिकून आहे. चुलीच्या सुधारणेविषयी झालेले बहुतेक विचारमंथन तिच्या आराखड्याभोवती आणि बांधणीभोवती फिरत राहिले. बांधलेली चूल रोज नीट कशी राखावी, ती बिघडल्यास कोणी आणि कशी दुरुस्त करावी, या प्रश्नाकडे तुलनेने दुर्लक्ष झाले. प्रस्तुत लेखात चुलीच्या ज्वलनाची प्रक्रिया, देखभालीची पारंपरिक पद्धत, नेहमी आढळणारे बिघाड व त्यांवरील उपाय यांचा परामर्श घेतला असून, निर्धूर चुलीच्या कार्यक्रमाला आलेल्या मर्यादित यशाचे एक प्रमुख कारण देखभालीच्या कामाची विभागणी न होणे हे होते, असे प्रतिपादन केले आहे.

१. प्रस्तावना

‘घरोघरी मातीच्या चुली’ ही म्हण मराठी भाषिक नेहमी लाक्षणिक अर्थाने वापरतात. परंतु तिचा शब्दशः अर्थही अद्याप पुरता कालबाह्य झालेला नाही. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४९ टक्के कुटुंबांचे स्वयंपाकाचे मुख्य इंधन सरपण हेच होते. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि ७ सप्टेंबर २०१९ रोजी तत्कालीन औरंगाबाद येथे आठ कोटींचा टप्पा पूर्ण झाल्याची घोषणा करण्यात आली. २०१९-२१ या काळातील पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात स्वच्छ इंधन वापरणाऱ्या कुटुंबांचे प्रमाण ५८.६ टक्के आढळले. चौथ्या सर्वेक्षणात ते ४३.८ टक्के होते. ही प्रगती निःसंशय मोठी आहे. तथापि गॅसजोडणी मिळणे आणि चूल विझणे या दोन भिन्न गोष्टी होत. आंघोळीचे पाणी, भाकरी, दूध आटवणे, जनावरांचे आंबोण, सणासुदीचा मोठा स्वयंपाक ही कामे अनेक घरांत आजही चुलीवरच होतात. सिलिंडर संपला, पैसे हाती नसले किंवा पुरवठा लांबला की संपूर्ण स्वयंपाकच पुन्हा चुलीकडे वळतो.

हा प्रश्न केवळ सोयीचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार घरगुती वायुप्रदूषणामुळे २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख मृत्यू झाले. चुलीसमोर बसणाऱ्या स्त्रीच्या श्वासात नेमका किती धूर जातो, याचे शास्त्रीय मोजमाप कर्क स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी गुजरातमधील खेड्यांत केले, तेव्हापासून या विषयाची गंभीरपणे दखल घेतली जाऊ लागली. चूल जोवर घरात आहे तोवर ती कमीत कमी धूर करणारी असावी, ही अपेक्षा त्यामुळे आरोग्याच्या दृष्टीने मूलभूत ठरते. आणि ही अपेक्षा पूर्ण होणे जितके चुलीच्या आराखड्यावर, तितकेच तिच्या निगेवर अवलंबून असते.

२. चुलीची रचना आणि ज्वलनाची प्रक्रिया

चुलीच्या बिघाडांचे स्वरूप समजण्यासाठी प्रथम ज्वलनाची प्रक्रिया लक्षात घेणे आवश्यक आहे. लाकूड थेट जळत नाही. उष्णतेने प्रथम त्यातील ओल निघून जाते. नंतर लाकडाचे विघटन होऊन ज्वलनशील वायू बाहेर पडतात आणि ते हवेशी मिसळून पेटतात. या पेटलेल्या वायूंनाच ज्वाला म्हणतात. वायू निघून गेल्यावर उरलेला कोळसा निखाऱ्यांच्या रूपाने जळतो आणि शेवटी राख उरते. लाकडाच्या कोरड्या वजनापैकी सुमारे तीनचतुर्थांश भाग वायुरूपाने बाहेर पडत असल्याने हे वायू पूर्ण जळणे महत्त्वाचे असते. ते न जळता बाहेर पडले की धूर होतो. धूर म्हणजे वाया गेलेले इंधनच होय.

वायू पूर्ण जळण्यासाठी पुरेसे तापमान, पुरेशी हवा आणि दोहोंचे योग्य मिश्रण या तीन गोष्टी लागतात. चुलीतील जवळजवळ प्रत्येक बिघाड यांपैकी एका गोष्टीच्या अभावाशी जोडता येतो. राख साचली की हवा अडते. भिंतीला तडा गेला की थंड हवा आत येऊन तापमान उतरते. तोंड अवाजवी रुंद झाले की हवेचे प्रमाण बिघडते.

ओल्या लाकडाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एक किलो कोरड्या लाकडात सुमारे १८ मेगाज्यूल ऊर्जा असते. तीस टक्के ओल असलेल्या एक किलो लाकडात प्रत्यक्ष लाकूड ७०० ग्रॅम, म्हणजे ऊर्जा साधारण १२.६ मेगाज्यूल; आणि त्यातील ३०० ग्रॅम पाण्याची वाफ करण्यास सुमारे ०.७ मेगाज्यूल ऊर्जा खर्च होते. हे नुकसान पाच-सहा टक्क्यांचेच आहे. मग ओले लाकूड इतका त्रास का देते? कारण वाफेमुळे ज्वालेचे तापमान उतरते व बाहेर पडणारे वायू न पेटताच निसटतात. ओल्या सरपणाचे खरे मूल्य स्वयंपाक करणारी व्यक्ती डोळ्यांनी आणि फुप्फुसांनी चुकते करते.

पारंपरिक चूल साधारणपणे तीन बाजूंनी बंद व एका बाजूने उघडी असते. वरच्या कडेवर भांडे टेकवण्यासाठी तीन उंचवटे ठेवलेले असतात व त्यांमधील फटींतून ज्वाला आणि धूर बाहेर पडतात. शेजारी वैल असल्यास मुख्य चुलीतील उष्ण वायू त्याखालूनही जातात आणि त्यावर भाजी किंवा आमटी मंद आचेवर शिजत राहते. निर्धूर चुलीत मात्र भांडे भोकावर घट्ट बसते. धुराला वाट उरते ती केवळ आतील बोगद्यातून दुसऱ्या भांड्याखाली व तेथून धुराड्यात. या फरकाचा देखभालीशी निकटचा संबंध आहे, हे पुढे स्पष्ट होईल.

३. देखभालीची पारंपरिक व्यवस्था

मातीची चूल ही एकदा बांधून संपणारी वस्तू नव्हे. रोज तापणे, निवणे, उकळी उतू जाऊन भिजणे आणि भांड्यांचे घर्षण यांमुळे ती सतत झिजत असते. ही झीज भरून काढण्याची व्यवस्था घरातील नित्यक्रमातच अंतर्भूत होती. सकाळी राख काढणे, मग मातीच्या पातळ काल्यात भिजवलेले पोतेरे चुलीवरून फिरवणे आणि त्यानंतरच चूल पेटवणे, हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आला. या क्रियेकडे सामान्यतः शुचितेच्या दृष्टीने पाहिले जाते. तंत्राच्या दृष्टीने पाहिल्यास ती प्रतिबंधात्मक देखभालच होय. आदल्या दिवशीच्या तापण्याने पडलेल्या केसासारख्या भेगा पोतेऱ्याच्या पातळ लेपाने भरून निघतात व त्यांचे मोठ्या तड्यांत रूपांतर होत नाही. शिवाय चुलीच्या प्रत्येक भागावरून रोज हात फिरत असल्याने कोठे माती सुटली, कोठे कड खचली, याची तपासणीही आपोआप होते.

मातीची निवड हा या ज्ञानाचा दुसरा भाग आहे. दख्खनच्या पठारावर सर्वत्र आढळणारी काळी माती पाणी शोषून फुगते आणि वाळताना मोठ्या प्रमाणात आकसते; उन्हाळ्यात शेताला पडणाऱ्या भेगा याची साक्ष देतात. म्हणून एकट्या काळ्या मातीची चूल तडकते. तांबडी, पिवळसर किंवा पांढरी माती अथवा वारुळाची बारीक, चिकट माती यासाठी पसंत केली जाते. त्यात शेण व तूस किंवा बारीक भुसा मिसळून मिश्रण काही दिवस भिजत ठेवतात. शेणातील आणि भुशातील तंतू माती आकसताना तिला धरून ठेवतात. चूल तापल्यावर ते जळून जातात आणि मागे राहिलेली सूक्ष्म छिद्रे उष्णता रोखण्यास मदत करतात.

मिश्रण तयार झाले की नाही हे ओळखण्याची एक सोपी रीत आहे. मातीचा लिंबाएवढा गोळा करून कमरेच्या उंचीवरून खाली सोडावा. तो फुटून विखुरला तर चिकटपणा अपुरा; चपटा होऊन पसरला तर पाणी अधिक; किंचित दबून एकसंध राहिला तर मिश्रण योग्य समजावे.

४. निर्धूर चुलीची वाटचाल

धूर घराबाहेर काढणारी चूल ही कल्पना भारतात नवी नाही, आणि तिच्या इतिहासात महाराष्ट्राला मानाचे स्थान आहे. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे केंद्र वर्ध्याची मगनवाडी हे होते. जे. सी. कुमारप्पा यांच्या मार्गदर्शनाखाली तेथे ग्रामीण तंत्रांवर जे काम झाले, त्यातूनच धुराड्याची ‘मगन चूल’ पुढे आली. हैदराबाद येथील अभियंते एस. पी. राजू यांनी १९५३ मध्ये धूरविरहित स्वयंपाकघरावर पुस्तिका लिहून अशा चुलीचा पुरस्कार केला. १९७४ मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अमूल्य रेड्डी यांच्या पुढाकाराने ‘अस्त्र’ हे ग्रामीण तंत्रज्ञानाचे केंद्र सुरू झाले. तेथील ‘अस्त्र ओले’ ही तीन भांड्यांची चूल कार्यक्षमतेच्या काटेकोर मोजमापावर आधारलेली होती.

१९८० च्या दशकात केंद्र शासनाने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो राज्यांकडे सोपवला जाईपर्यंत देशभरात तीन कोटींहून अधिक चुली बसवण्यात आल्या. पारंपरिक चुलीची औष्णिक कार्यक्षमता दहा टक्क्यांच्या आसपास धरली जात असताना या कार्यक्रमात स्थिर चुलीसाठी किमान वीस टक्क्यांची अट होती. महाराष्ट्रात या कामाला तांत्रिक पाठबळ देणाऱ्यांत पुण्याची ‘आरती’ अर्थात अ‍ॅप्रोप्रिएट रूरल टेक्नॉलॉजी इन्स्टिट्यूट ही संस्था अग्रणी होती. साच्याच्या साहाय्याने ठरावीक मापांची चूल घडवण्याच्या तंत्रामुळे बांधणीतील चुका कमी झाल्या.

मापांना एवढे महत्त्व का, हे धुराड्याच्या कार्यावरून कळते. धुराड्यातील तप्त वायू बाहेरच्या हवेपेक्षा हलके असल्याने वर चढतात आणि त्यांच्या जागी चुलीच्या तोंडातून नवी हवा ओढली जाते. तीन मीटर उंचीच्या धुराड्यात वायूंचे सरासरी तापमान १५० अंश सेल्सिअस आणि बाहेरचे ३० अंश असेल, तर ही ओढ सुमारे १० पास्कल भरते; म्हणजे एक मिलिमीटर उंचीच्या पाण्याच्या थराच्या दाबाएवढी. निर्धूर चुलीची सगळी मदार एवढ्याशा दाबावर असते. एखादी भेग, भांड्याखालची फट किंवा काजळीचा थर हा दाब सहज निष्प्रभ करतो आणि निर्धूर म्हणवणारी चूल घरातच धूर सोडू लागते.

५. नेहमी आढळणारे बिघाड आणि त्यांची दुरुस्ती

चुलीच्या दुरुस्तीत निदानाला प्रथम स्थान आहे. सर्व बिघाडांचे लक्षण बहुधा एकच, म्हणजे धूर, असते. कारणे मात्र वेगवेगळी असतात. त्यामुळे क्रमाने तपासणी करणे हिताचे ठरते. पुढील विवेचनात सोप्या कारणापासून अवघड कारणाकडे जाणारा क्रम ठेवला आहे.

(अ) राखेचा साठा : चूल नेहमीपेक्षा मंद पेटत असेल आणि वारंवार फुंकणी लावावी लागत असेल तर प्रथम राख पाहावी. तळाशी राखेचा पातळ थर ठेवणे उपयुक्त असते, कारण तो निखारे धरून ठेवतो व जमिनीत जाणारी उष्णता रोखतो. परंतु थर वाढला की जळणकक्षाची उंची घटते आणि हवेचा मार्ग अडतो. लोखंडी जाळीच्या चुलीत जाळीखालील राख रोज काढली नाही तर जाळी असून नसल्यासारखीच होते. शिवाय खालून हवेचा गारवा न मिळाल्याने ती लवकर वाकते.

(आ) बोगदा तुंबणे : दोन भांड्यांच्या चुलीत पहिले भांडे तापते पण दुसरे तापत नाही, असे झाल्यास दोहोंमधील बोगद्यात राख साचल्याची शक्यता असते. थंड चुलीत दुसऱ्या भोकातून हात घालून किंवा वाकवलेल्या उलथन्याने ती ओढून काढावी. दुसऱ्या भोकाखाली मातीचा जो अडसर असतो तो ज्वाला भांड्याच्या बुडाकडे वळवतो. तो झिजला की उष्ण वायू भांड्याला न शिवता थेट धुराड्यात जातात. जळण अधिक लागते आणि कारण मात्र लक्षात येत नाही. अडसर मूळ उंचीचा पुन्हा बांधणे हाच त्यावर उपाय होय.

(इ) भांड्याची बैठक झिजणे : निर्धूर चुलीत भोकाची कड घासून वाकडी झाली की भांड्याभोवती फट पडते. अशा वेळी जुनी सुटी माती खरवडून, कड भिजवून ताजी माती थापावी. नेहमीच्या वापरातील भांड्याच्या बुडाला राख लावून ते ओल्या मातीवर हलकेच दाबून फिरवले असता बैठक नेमकी त्या भांड्याच्या आकाराची होते. पारंपरिक चुलीत याच्या उलट स्थिती असते. तेथे तिन्ही उंचवटे समान उंचीचे असणे आवश्यक असते. ते फार झिजल्यास ज्वालेला वाट उरत नाही, फार उंच असल्यास उष्णता वाया जाते.

(ई) तोंड रुंदावणे : जाड लाकडे फोडण्याचे कष्ट टाळण्यासाठी चुलीचे तोंड कोरून मोठे केले जाते किंवा लाकडांच्या धक्क्याने ते आपोआप मोठे होते. त्यातून गरजेपेक्षा अधिक थंड हवा आत शिरते. तोंड मूळ मापाचे करून लाकूड मनगटाहून बारीक फोडून वापरणे श्रेयस्कर. विदर्भातील पऱ्हाटी वा मराठवाड्यातील तुराट्या यांसारखे हलके जळण भरकन पेटून जाते. ते एकदम कोंबल्यास हवा कोंडून धूर होतो, म्हणून थोडे थोडे सारावे.

(उ) तडे : लहान भेगा पोतेऱ्याने बुजतात. बोटाएवढ्या रुंद तड्यात मात्र वरून माती चोपडून उपयोग होत नाही. कोरडी, भाजलेली जुनी माती नव्या लेपातील पाणी झटकन शोषून घेते. लेप आकसतो व एक-दोन दिवसांत पापुद्र्यासारखा सुटतो. यासाठी तडा आतून खरवडून थोडा रुंद करावा, राख व काजळी झाडून टाकावी, कडा पाणी शिंपडून चांगल्या भिजवाव्यात आणि भुसा अधिक असलेली घट्ट माती खोलवर दाबून भरावी. एकच जाड लेप देण्याऐवजी पातळ थर एकावर एक द्यावेत. दुरुस्त केलेली चूल सावलीत वाळू द्यावी व प्रथम काटक्यांचा लहान जाळ करावा. ओल्या मातीवर एकदम मोठा जाळ केल्यास आतील पाण्याची वाफ होऊन लेप फुटतो.

तडे सिमेंटने बुजवण्याचा मोह अनेकांना होतो. परंतु माती आणि सिमेंट यांचे तापल्यावर होणारे प्रसरण सारखे नसते; शिवाय सुमारे ४०० अंश सेल्सिअसच्या वर सिमेंटमधील बंध विघटित होऊ लागतात. म्हणून सिमेंट बाहेरच्या अंगासाठी चालते, ज्वालेशी संबंध येणाऱ्या जळणकक्षाला मात्र मातीचेच अस्तर हवे आणि त्याचे नूतनीकरण वेळोवेळी व्हावयास हवे.

(ऊ) अदृश्य गळती : वरील सर्व तपासूनही धूर थांबत नसेल तर चूल पेटती असताना जळती उदबत्ती सांधे, भिंती व धुराड्याच्या बुंध्याजवळून सावकाश फिरवावी. जेथे उदबत्तीचा धूर आत ओढला जातो किंवा चुलीतील धुराने बाहेर ढकलला जातो, तेथे गळती आहे असे निश्चित समजावे.

६. धुराड्याची निगा

धुराडे हा निर्धूर चुलीचा सर्वांत उपेक्षित भाग होय. अर्धवट जळालेले वायू थंड नळीला भिडले की काजळी आणि डांबरासारखा चिकट पदार्थ आतून साचू लागतो. ओल्या लाकडाने त्याचा वेग वाढतो. साडेसात सेंटीमीटर व्यासाच्या नळीत चहूबाजूंनी केवळ एक सेंटीमीटर जाडीचा थर बसला, तरी धुराला मिळणारी वाट ५४ टक्क्यांवर येते. व्यास पावपट घटतो, पण क्षेत्रफळ जवळजवळ निम्मे होते, ही बाब सहज लक्षात येत नाही. साचलेला थर पेट घेण्याचाही धोका असतो व गवती छपराच्या घरात तो गंभीर ठरतो.

रोज वापर असल्यास पंधरा दिवस ते महिन्यातून एकदा धुराडे साफ करणे इष्ट होय. चूल पूर्ण थंड झाल्यावर बुंध्याजवळील सफाईची खिडकी उघडावी, बांबूच्या टोकाला नारळाच्या काथ्याचा किंवा चिंध्यांचा बोळा बांधून नळीतून वरखाली फिरवावा आणि खाली पडलेली काजळी काढून खिडकी मातीने पुन्हा लिंपावी. ही खिडकी उघडी राहिल्यास चूल ओढ घेत नाही. काम करताना नाकातोंडाला फडके बांधावे. मृगापूर्वी टोपी, छपराचा सांधा व नळीचे आधार तपासावेत, कारण नळीत शिरलेले पाणी चुलीचा बुंधा विरघळवते. बराच काळ चूल बंद असल्यास पक्ष्याचे घरटे नाही याची खात्री करावी. पूर्वी बसवलेली अनेक धुराडी अ‍ॅसबेस्टॉस सिमेंटच्या नळ्यांची आहेत. त्यांचे तंतू श्वासावाटे जाणे घातक असल्याने अशा नळ्या घासू, कापू किंवा फोडू नयेत. त्या फुटल्या असल्यास ओल्या करून अखंड काढून पत्र्याची नळी बसवावी.

७. देखभालीचे काम कोणाचे?

आतापर्यंतच्या विवेचनावरून एक बाब स्पष्ट होते. वरीलपैकी एकही काम अवघड नाही, खर्चिक तर नाहीच. तरीही बसवलेल्या निर्धूर चुली अल्पावधीत निरुपयोगी का झाल्या, हा प्रश्न उरतो.

या संदर्भात ओडिशातील एक अभ्यास महत्त्वाचा आहे. रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी सुमारे २,६०० कुटुंबांत सुधारित चुलींचा परिणाम चार वर्षांपर्यंत अभ्यासला व त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. पहिल्या वर्षी स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासातील धूर घटला. पुढे मात्र हा फरक नाहीसा झाला. चुलींचा वापर अनियमित होता, आवश्यक देखभाल झाली नाही आणि वापर उत्तरोत्तर कमी होत गेला, अशी कारणमीमांसा त्यांनी केली. प्रयोगशाळेत सिद्ध झालेली कार्यक्षमता घरात टिकली नाही, असा याचा अर्थ.

एवढ्यावरून ‘स्त्रियांनी निगा राखली नाही’ असा निष्कर्ष काढणे अन्यायकारक ठरेल. पारंपरिक चुलीची संपूर्ण देखभाल स्त्रीच्या हाताच्या टप्प्यात होती. माती, शेण, पोतेरे, राख या गोष्टी तिच्या नित्याच्या होत्या आणि हे ज्ञान सासूकडून सुनेकडे, आईकडून मुलीकडे जात होते. निर्धूर चुलीने या व्यवस्थेत एक नवा अवयव आणला, तो म्हणजे धुराडे. त्याचा अर्धा भाग छपराबाहेर आहे. छपरावर चढणे, कौले सरकवणे, पत्र्याची नळी आणणे ही कामे ग्रामीण श्रमविभागणीत पुरुषांची मानली जातात. चूल बाईची आणि छप्पर पुरुषाचे, अशा या विभागणीत धुराडे कोणाचेच राहिले नाही. धुराचा त्रास जिला होतो तिच्या हाती दुरुस्ती नाही आणि ज्याच्या हाती दुरुस्ती आहे त्याला धुराचा त्रास नाही, अशी ही विसंगती आहे.

कार्यक्रमाच्या रचनेनेही ती दूर केली नाही. अनुदान आणि कारागिराचे मानधन हे बांधलेल्या चुलींच्या संख्येशी निगडित होते. नवी चूल बांधली तर नोंद होते, जुनी चूल सावरली तर होत नाही, अशा पद्धतीत दुरुस्ती हे कोणाचेच उद्दिष्ट राहत नाही. तसेच साच्यातून आलेल्या चुलीची मापे घरातील स्त्रीला सांगितली गेली नाहीत तर ती आपल्या सवयीप्रमाणे प्रेमाने रोज लेप देत राहते. भोके अरुंद होतात, बोगदा लहान होतो आणि निगा राखण्याच्या क्रियेतूनच चूल बिघडते. जुने ज्ञान चुकीचे नव्हते. नव्या यंत्राशी त्याची सांगड घालून दिली गेली नाही, हे खरे कारण होय.

८. महाविद्यालयांची भूमिका

या क्षेत्रात महाविद्यालये उपयुक्त कार्य करू शकतात. राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिरांत शोषखड्डे, वृक्षारोपण, ग्रामस्वच्छता हे उपक्रम नित्याचे आहेत. त्यात नव्या चुली बांधण्यापेक्षा गावातील विद्यमान चुलींची तपासणी व दुरुस्ती हा उपक्रम अंतर्भूत करता येईल. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना ठरावीक पाणी उकळण्यास दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर किती जळण लागते, याची साध्या तराजूने नोंद घेता येईल. गृहविज्ञान व समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना मातीच्या मिश्रणांचे, पोतेऱ्याच्या पद्धतींचे आणि चुलीविषयक बोलीतील शब्दांचे संकलन करता येईल. मराठीच्या अभ्यासकांनाही येथे काम आहे; पोतेरे, वैल, फुंकणी, आंबोण हे शब्द वस्तूंबरोबरच विरत चालले आहेत. अशा उपक्रमात धुराड्याची सफाई मुलगे आणि मुली अशा दोघांनाही शिकवली गेली, तर वर उल्लेखिलेल्या विसंगतीवर काही प्रमाणात उपाय होईल.

९. निष्कर्ष

चुलीच्या देखभालीचा पुरस्कार म्हणजे चुलीचे उदात्तीकरण नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अतिसूक्ष्म धूलिकणांचे चोवीस तासांचे सरासरी प्रमाण दर घनमीटर हवेत १५ मायक्रोग्रॅमहून अधिक नसावे. उत्तम राखलेली मातीची चूलही ही मर्यादा गाठणे कठीण आहे. म्हणून परवडणारे व अखंड मिळणारे स्वच्छ इंधन हेच अंतिम उद्दिष्ट असले पाहिजे. परंतु ते उद्दिष्ट साध्य होईपर्यंतच्या काळात चुलीसमोर बसणाऱ्या स्त्रीला आजचा श्वास आजच घ्यावयाचा असतो.

प्रस्तुत विवेचनातून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, मातीच्या चुलीचे बहुतेक बिघाड हवा, तापमान आणि मार्ग यांच्या साध्या तपासणीने ओळखता येतात व घरातील साहित्याने दुरुस्त होतात. दुसरा, सारवणे-पोतेरणे यांसारख्या क्रिया ही एक सुसंगत देखभालव्यवस्था असून तिची दखल तंत्रज्ञान म्हणून घेतली जाणे आवश्यक आहे. तिसरा, कोणत्याही सुधारित साधनाबरोबर त्याच्या देखभालीचे काम कोणी, केव्हा व कशाने करावयाचे हे ठरवले गेले नाही, तर ते साधन बिघडते आणि दोष मात्र वापरणाऱ्यावर येतो. हा तिसरा निष्कर्ष चुलीपुरता मर्यादित नाही. गावोगावी नादुरुस्त पडलेले हातपंप, सौरदिवे आणि गोबरगॅसच्या टाक्या यांनाही तो तितकाच लागू पडतो.